शाळेच्या फुटबॉल टीमचा सन्मानफलक सांगलीत करून घेतला, त्या दुकानाचा रिव्ह्यू

दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि माणूस चांगलाय, उगाच त्याला त्रास नको. सांगलीत ट्रॉफी, ढाल, मोमेंटोवाली दुकानं बरीच आहेत, पण शाळेचा कायमस्वरूपी फलक करणारी थोडी. ज्याला गरज आहे त्याने काय बघून दुकान ठरवावं एवढं यातून कळलं तरी बास.

आधी फलक कशाला लागला ते सांगतो. आमच्या शाळेत फुटबॉल टीमचा जुना लाकडी फलक होता, प्लायवर ऑइलपेंटने नावं लिहिलेली, तळमजल्यावर स्टाफरूमच्या बाहेर. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा तो पाण्यात गेला, पाणी उतरल्यावर प्लाय फुगून पापुद्रे सुटलेले, पेंट मात्र जिथल्या तिथं, म्हणजे नावं वाचता येत होती पण हात लावला की सालपटासकट हातात. शहाण्या माणसानं त्याच दिवशी फोटो काढून ठेवले म्हणून निभावलं. त्यानंतर नुसतं "बघू, करू" चाललेलं. मग आम्हा माजी विद्यार्थ्यांतला एकजण अमेरिकेत डॅलसला असतो त्याने ग्रुपवर तिथल्या वुड्रो विल्सन हायस्कूलचं सांगायला सुरुवात केली, की ह्या एका शाळेच्या दोन पोरांना हाइजमन ट्रॉफी (अमेरिकेत कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूला देतात ती) मिळालीय, डेव्ही ओब्रायन १९३८ आणि टिम ब्राऊन १९८७, आणि दोन हाइजमनवाली ती पहिली शाळा. (तो फुटबॉल वेगळा, हातात धरून पळायचा, ते सोडा.) आता कॅलिफोर्नियाची मेटर डे शाळा त्यांच्या पुढे गेलीय, जॉन ह्युआर्ट १९६४, मॅट लाइनर्ट २००४ आणि ब्राइस यंग २०२१, तीन. ग्रुपवर लगेच सगळ्यांना चेव आला आणि वर्गणी जमली. एरवी स्नेहमेळाव्याच्या जेवणाचे पैसे निघत नाहीत.

तर दुकान. बोळात आहे, बाहेरून बघितलं तर वाटत नाही आत एवढं काम चालत असेल. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. आम्ही गेलो आणि यादी पुढे टाकली, मला वाटलेलं अण्णा साइज विचारतील, रेट सांगतील, संपलं. दुसऱ्या दुकानांत तसंच झालेलं, एकाने तर यादी न बघताच "सर, गोल्डन ॲक्रिलिक अक्षरं लावू, लई उठून दिसतंय" म्हणून कॅल्क्युलेटर काढला. अण्णांनी यादी वाचली. पूर्ण. आणि विचारलं, "ह्यात प्रावीण्यवाले किती आणि सहभागवाले किती?"

हा प्रश्न ज्याला कळतो त्याला काम द्यायला हरकत नाही असं माझं मत. शालेय स्पर्धेत सर्टिफिकेट दोन तऱ्हेची, जिंकलेल्याला प्रावीण्याचं आणि बाकीच्यांना सहभागाचं. आमच्या यादीत दोन्ही खिचडी होती. कुणी जिल्ह्याला जिंकलेला, कुणी विभागापर्यंत गेलेला आणि तिथं कोल्हापूरची पोरं समोर आल्यावर जे व्हायचं ते झालेलं (कोल्हापूरच्या पोरांशी फुटबॉलमध्ये कोण लागणार, अनिकेत जाधव तिथलाच, २०१७च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडून खेळला). आणि कुणी नुसता टीमच्या फोटोत. अण्णांचं म्हणणं, सगळ्यांची नावं टाका, माझं काय जातंय, नावाच्या पट्टीमागे पैसे मिळतात, पण मग तो सन्मानफलक राहणार नाही, हजेरीपट होईल. गिऱ्हाईकाला कमी पट्ट्या घ्यायला सांगणारा दुकानदार मी पहिल्यांदा बघितला.

दुकानात नमुना म्हणून त्यांनी जिल्ह्यातल्या खेळाडूंचा एक फलक लावलाय, तो बघायला तरी जाच. विजय हजारे, जन्म सांगली १९१५, पद्मश्री १९६०, आणि खाली बारीक अक्षरात की १९५२ला मद्रासमध्ये भारताने पहिली टेस्ट जिंकली तेव्हाचे कॅप्टन. मुरलीकांत पेटकर, पेठ इस्लामपूर, १९७२ हायडलबर्ग पॅरालिम्पिक, ५० मीटर फ्रीस्टाइल पोहणे, सुवर्ण, ३७.३३ सेकंद, पद्मश्री २०१८. स्मृती मानधना, २०१८ आणि २०२१ आयसीसीची वर्षातली सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू. संकेत सरगर, २०२२ बर्मिंगहॅम राष्ट्रकुल, वेटलिफ्टिंग, ५५ किलो गट, एकूण २४८ किलो, रौप्य. सचिन खिलारी, करगणी, २०२४ पॅरिस पॅरालिम्पिक, गोळाफेक, १६.३२ मीटर, रौप्य. कुठंही "सांगलीची शान", "गौरवशाली", "देदीप्यमान" वगैरे नाही. अण्णा म्हणले आकडा लिहा, विशेषण लिहू नका, विशेषणाचे पण मी अक्षरावर पैसे घेतो. संकेतच्या ओळीपुढं उभं राहिलं की आपोआप आठवतं, सुवर्ण एका किलोने गेलं, मलेशियाच्या पोराने २४९ उचलले आणि आपला कोपर दुखावलेला असताना उचलत होता. २४८ हा आकडा नसता तर त्या ओळीत काही राहिलं नसतं.

दुसरी गोष्ट वर्षाची. पेटकरांची ओळ परत बघा, पदक १९७२चं आणि पद्मश्री २०१८ची, मध्ये ४६ वर्षं. अर्जुन पुरस्कारातला जीवनगौरव तर त्याच्याही नंतर आला. आमच्यातला एकजण कराडचा, तो लगेच म्हणाला खाशाबा जाधवांचं पण तसंच, ऑलिंपिकचं ब्राँझ १९५२ला हेलसिंकीत, माणूस १९८४ला गेला आणि अर्जुन पुरस्कार २०००चा, मरणोत्तर. म्हणून अण्णांचा नियम असा की कामगिरीचं वर्ष आधी आणि पुरस्काराचं नंतर, दोन्ही लिहायची, नुसतं पुरस्काराचं लिहिलं तर उद्याच्या पोराला वाटणार खाशाबा २०००ला खेळत होते.

हेच आमच्या वादाला पण लागू पडलं. वाद असा होता की शाळा सोडल्यावर मिळालेलं शाळेच्या फलकावर घ्यायचं का. आमचा एक बॅक (बचावात खेळणारा) नंतर नोकरीत लागून खात्याच्या टीमकडून खेळला आणि तिथं नाव कमावलं, शाळेत असताना मात्र त्याला काहीच मिळालेलं नाही. डॅलसवाला म्हणतोय हाइजमन तर कॉलेजच्या खेळाडूला मिळते, ओब्रायनला टेक्सास ख्रिश्चनमध्ये असताना मिळाली आणि ब्राऊनला नोत्र दामला असताना, तरी त्यांची हायस्कूल छातीठोकपणे सांगतेच की नाही. आमचे पीटीचे जुने सर म्हणाले अजिबात नाही, शाळेच्या जर्सीत मिळालं तेच शाळेचं. तासभर दुकानात हीच भांडाभांडी, गिऱ्हाईकं येऊन मेडल घेऊन जातायत आणि आम्ही काउंटर अडवून बसलेलो. अण्णांनी शेवटी फलकाच्या मधोमध एक पट्टी आखली, डावीकडे "शाळेत असताना", उजवीकडे "शाळेनंतर". सरांचा राग अजून पूर्ण गेलेला नाही पण बॅकचं नाव उजवीकडे लागलं, आणि मला विचाराल तर बरोबरच झालं.

आता कामाची क्वालिटी. मागे एमडीएफ किंवा प्लाय नाही, एसीपी शीट (दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली), भोवती सागवानी पट्टीची फ्रेम. नावाच्या पट्ट्या पितळी, ॲसिड एचिंग करून (म्हणजे ॲसिडने अक्षरं कोरून) अक्षरात काळा रंग भरलेला आणि वरून लॅकरचा हात. ॲक्रिलिकची चिकटवलेली अक्षरं आम्ही नाकारली कारण डबल टेप उन्हाने सुटतो आणि मग भिंतीवर "राष्ट्रीय"मधला "य" गायब झालेला असतो, हे प्रत्येक शाळेत बघायला मिळेल. व्हिनाइल स्टिकर स्वस्त पडतं पण दोन-चार उन्हाळ्यांत फिकं होतं. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे प्रत्येक पट्टी वेगळी, दोन टोकांना दोन स्क्रू. नवीन पोराने काही मिळवलं की एक पट्टी करून आणायची आणि शिपाई स्क्रूड्रायव्हरने लावणार, अख्खा फलक उतरवायची भानगड नाही. रिकाम्या जागेत भोकं आधीच पाडून दिलीत.

आता तक्रारी. पहिली, मराठी टायपिंग. यादी आम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करून दिलेली, तिथला डीटीपीवाला पोरगा ती जुन्या फॉन्टमध्ये घेतो आणि जोडाक्षरांची वाट लागते, प्रूफमध्ये "ष्ट्र" सगळीकडे पाय मोडून आलेला. म्हणून कागदावर मूळ साइजचं प्रूफ मागा आणि एका माणसाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ यादी धरायची. एवढं करूनही एका पट्टीवर १९८७चं १९७८ झालं, ते प्रूफनंतर त्यांच्याकडेच फिरलं. फुकट बदलून दिलं, वाद घातला नाही, पण ती एक पट्टी यायला बाकीच्या फलकापेक्षा जास्त वेळ लागला, आणि फोन केला की "उद्या" आणि "पोरगा गावाला गेलाय" हेच. कार्यक्रमाच्या दिवशी त्या जागी भोकं दिसत होती आणि नेमका तोच गडी पहिल्या रांगेत बसलेला, आमच्याकडं बघून हसत होता.

दुसरी, बिल. तोंडी सांगितलेल्या रेटमध्ये फिटिंग धरलेलं नव्हतं. शाळेला पक्कं जीएसटी बिल लागतं, ते आधीच सांगा, आणि कोटेशनमध्ये फिटिंग, वाहतूक, जादा पट्टीचा रेट हे तिन्ही लिहून घ्या. पितळ महागच पडतं, स्टीलच्या पट्ट्या त्यापेक्षा कमीत होतात आणि दमट भिंतीला त्याच बऱ्या, पितळेला वर्षातून एकदा तरी पुसावं लागणार.

फलकासाठी साडेचार स्टार, वेळेसाठी दोन. ट्रॉफ्या मात्र तिथून घेऊ नका, वरचा सोनेरी खेळाडू प्लास्टिकचा आणि फुटबॉलवाला मागितला तर बॅट काढलेला क्रिकेटवाला देतात, खरंच, हात अजून बॅट धरल्यासारखेच. आणि ऑर्डर द्यायची तर मे महिन्यात द्या, शाळा बंद असते, भिंत मोकळी असते. जुलै उजाडला की अण्णा गणपती मंडळांच्या मोमेंटोत अडकतात, तिथून अनंत चतुर्दशीपर्यंत फोन उचलला तर नशीब.