आठ महिने एका मराठी रोल-प्लेइंग सर्व्हरवर : वापरानंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरपासून मी ठोकळ्यांनी जग बांधायच्या माइनक्राफ्ट या खेळाच्या जावा आवृत्तीवर चालणाऱ्या एका मराठी रोल-प्लेइंग, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र होऊन खेळायच्या, सर्व्हरवर नियमित खेळत आहे. काही मित्रांनी पदरमोड करून उभारलेल्या या सर्व्हरवर प्रवेश ओळखीतून आणि व्हाइटलिस्टनेच, म्हणजे परवानगी दिलेल्या नावांच्या यादीनेच मिळतो, त्यामुळे चालकांच्या विनंतीवरून त्याचे नाव येथे देत नाही. तरीही सविस्तर लिहितो आहे, कारण असा सर्व्हर निवडताना लोक ग्राफिक्स, जादा सुविधा देणाऱ्या प्लगइनची संख्या आणि ऑनलाइन खेळाडूंचा आकडा पाहतात. माझ्या अनुभवात खेळाडू टिकतो तो वेगळ्याच गोष्टीमुळे : आज केलेले काम उद्या त्याच जागी सापडेल आणि ते कोणी केले हे इतरांना ठाऊक असेल, ही खात्री त्याला हवी असते.

ही खात्री नसली तर काय होते हे मी आधीच्या सर्व्हरवर अनुभवले. तेथे सात महिने खपून मी नदीकाठी पाणचक्की बांधली होती. एका रविवारी रात्री तिचे छप्पर पूर्ण केले आणि मंगळवारी लॉगिन केले, तेव्हा नदीच उरली नव्हती. कोणतीही पूर्वसूचना न देता नकाशा पुसून नवे जग सुरू करण्यात आले होते. नवे जग सुंदर होते, पण तेथे एक वीटही ठेवावीशी वाटली नाही.

तो सर्व्हर जर्मनीत होता, हेही एक कारण होतेच. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० टिक, म्हणजे खेळाच्या गणिताचे २० टप्पे चालवतो, म्हणजे प्रत्येक टिकला ५० मिलिसेकंद मिळतात. मुलुंडमधल्या माझ्या घरून तेथे १५० मिलिसेकंदांचा पिंग (संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ) मिळत असे, म्हणजे समोरच्याने तलवार उगारल्याचे कळून माझी ढाल वर जाईपर्यंत तीन टिक उलटलेले असत. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ भारत-युरोप इंटरनेट वाहणाऱ्या लाल समुद्रातील केबल तुटल्या, तेव्हा तर पिंग दुपटीच्या पुढे गेला आणि दार उघडणेही नकोसे झाले. आताचा सर्व्हर मुंबईतल्याच डेटा सेंटरमध्ये आहे आणि पिंग क्वचितच १५ च्या वर जातो. कमी पिंगमुळे सर्व्हर आवडू लागतो असे मी म्हणणार नाही, पण जास्त पिंगमुळे तो निश्चित सुटतो.

या सर्व्हरचे खरे बळ त्याने काढून टाकलेल्या गोष्टींमध्ये आहे, आणि हे माझ्या लक्षात यायला दीड महिना लागला. येथे क्षणात दुसरीकडे पोहोचवणारा टेलिपोर्ट नाही. पंख लावून उडण्याची सोय देणारा एलिट्रा नाही. गावकऱ्यांशी, म्हणजे खेळातल्या व्हिलेजर पात्रांशी व्यापार बंद आहे, कारण एरवी ग्रंथपाल व्हिलेजरकडून अवजारे दुरुस्त करणारे मेंडिंगचे पुस्तक मिळाले की खेळाडूला दुसऱ्या कोणाची गरजच उरत नाही. आपोआप लोखंड देणारे गोलेम या लोखंडी पात्रांचे फार्मही नियमबाह्य आहेत. प्रत्येकाने एकच व्यवसाय निवडायचा आणि बाकीच्या वस्तू इतरांकडून घ्यायच्या. मी लोहार झालो. शेतकऱ्याला माझी कुदळ लागते, मला खाणीतला कोळसा लागतो आणि खाणकामगाराला शेतकऱ्याची भाकरी लागते. आमच्या गावाहून घाटापलीकडच्या बाजारपेठेपर्यंत घोड्यावरून जायला सुमारे १२ मिनिटे लागतात. खेळातला पूर्ण दिवस २० मिनिटांचा असल्यामुळे दुपारी निघालेल्या माणसाला वाटेतच रात्र गाठते. म्हणून वाटेवर धर्मशाळा उभी राहिली, धर्मशाळेत माणसे थांबू लागली आणि थांबलेली माणसे बोलू लागली. अंतर आहे म्हणून रस्त्याला किंमत आहे, आणि रस्त्याला किंमत आहे म्हणून तो बांधणाऱ्याचे नाव सगळ्यांना माहीत आहे. सोयी वाढवत गेलेल्या कितीतरी सर्व्हरवर मी एकाच चौकात पन्नास खेळाडू उभे पाहिले आहेत, ज्यांना एकमेकांशी बोलण्याचे काहीच कारण नव्हते.

खेळांचे अभ्यासक रिचर्ड बार्टल यांनी रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या मड या मजकुरावर चालणाऱ्या, सुरुवातीच्या बहुखेळाडू खेळावर काम केले आणि पुढे १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले : यश मिळवणारे, शोध घेणारे, माणसांत रमणारे आणि इतरांवर मात करू पाहणारे. आमच्या गावात हे चारही आहेत. विलेपार्ल्याचे एक निवृत्त शिक्षक गावचे कुलकर्णी आहेत. जमिनींची नोंद त्यांच्या वहीत, म्हणजे खेळातल्या लिहिण्याच्या पुस्तकांत असते आणि त्यांनी आजवर तलवार हातात घेतलेली नाही. वयाने निम्मी असलेली मुले त्यांना खेळात आणि खेळाबाहेरही काकाच म्हणतात. बांधावरून वाद झाला की "काकांची वही काढा" एवढे एकच वाक्य पुरते.

मी दाखल झालो तेव्हा दिवाळी तोंडावर होती आणि गाव किल्ला बांधायला निघाले होते. गिरगावच्या चाळीत आम्ही दर दिवाळीला अंगणात मातीचा किल्ला करायचो, त्यावर हळीव पेरायचो आणि चित्रे मांडायचो. तीच घाई मला या पडद्यावर दिसली. दरवाजा रायगडाच्या महादरवाजासारखा गोमुखी करायचे ठरले : दोन बुरुजांच्या आड दडलेला, समोरून न दिसणारा आणि शत्रूला शेवटच्या क्षणी वळायला लावणारा. पंधरा जणांनी अकरा रात्री दगड वाहिले. फेब्रुवारीत शेजारच्या गटाने ठरलेल्या वेळी चढाई केली, तेव्हा त्यांचे पहिले आठ घोडेस्वार त्या वळणावर एकमेकांना अडले आणि वरच्या आमच्या तिरंदाजांना नेम धरायला पुरेसा वेळ मिळाला. शाळेत पाठ केलेली गोमुखी दरवाजाची उपयुक्तता मला त्या रात्री पहिल्यांदा नीट समजली.

मात्र माझा विश्वास बसला तो जानेवारीतल्या एका प्रसंगामुळे. गावाच्या कोठारातला सगळा गहू एका रात्रीत नाहीसा झाला. सर्व्हरवरचे कोअरप्रोटेक्ट हे प्लगइन प्रत्येक ठोकळ्याची आणि पेटीतल्या देवघेवीची नोंद ठेवते. ती नोंद पाहून चालकांनी गहू परत केला. चोरी करणारा खेळाडू मुख्य चालकाचा शाळेपासूनचा मित्र निघाला. नियमावलीत अशा चोरीला सात दिवसांची बंदी लिहिलेली आहे आणि त्याला नेमकी सात दिवसांचीच बंदी झाली. निर्णय कारणासह सर्वांना कळवला गेला. तो मुलगा आठव्या दिवशी परत आला, आजही खेळतो आणि कोठाराच्या नव्या भिंतीचे बरेचसे काम त्यानेच केले आहे. ओळखीच्या माणसाला नियम लागू होतो हे एकदा दिसले की नवख्या खेळाडूची भीती जाते. हे कोणत्याही प्लगइनने साधत नाही.

पैशांबाबत थोडक्यात सांगतो. पैसे मोजून खेळात वरचढ होता येईल अशा गोष्टी विकू नयेत हे माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगने २०१४ मध्येच सर्व्हरचालकांना बजावले होते. येथे तो नियम पाळला जातो. वर्गणी ऐच्छिक आहे, तिच्या बदल्यात फक्त नावाला रंग मिळतो आणि जमाखर्च दर महिन्याला सर्वांसमोर मांडला जातो. मी महिन्याला १०० रुपये देतो.

उणिवाही आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. शनिवारी रात्री ६० च्या वर खेळाडू आले की टिकचा वेग २० वरून १४-१५ वर घसरतो. खेळाचे बहुतेक गणित प्रोसेसरच्या एकाच धाग्यावर (थ्रेडवर), म्हणजे एकामागून एक चालत असल्याने नुसती मेमरी वाढवून हे सुटणार नाही. गुरांच्या संख्येवर मर्यादा घालणे भाग आहे आणि चालक ते लांबणीवर टाकत आहेत. देवनागरीत लिहिले तर जोडाक्षरे सुटी पडतात, त्यामुळे संभाषण रोमन लिपीत चालते आणि पात्रांच्या तोंडची मराठी त्यात निम्मी मरते. मोठे कार्यक्रम रात्री दहालाच ठेवल्यामुळे शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना ते कायमच हुकतात. आमच्या गावची वैद्य प्रत्यक्षात परळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि फेब्रुवारीच्या त्या चढाईला ती रात्रपाळीवर होती. नव्या माणसाचे पहिले दोन आठवडेही फार कोरडे जातात. व्यवसाय निवडल्यावर कोणाकडे जायचे हे त्याला कोणी सांगत नाही. लोहारांपुरते मी ते काम अंगावर घेतले आहे. नव्याने येणाऱ्याला पहिली कुदळ उधारीवर मिळते आणि ती उधारी काकांच्या वहीत लिहिली जाते.

पुढच्या महिन्यात सर्व्हर खेळाच्या नव्या आवृत्तीवर नेला जाणार आहे. चालकांनी तीन आठवडे आधी कळवले आहे की जग तेच राहील. ज्या भागात कोणीच फिरकलेले नाही तेवढेच भाग नव्याने तयार होतील आणि त्याआधी संपूर्ण नकाशाची प्रत मागणाऱ्या प्रत्येकाला मिळेल. मी माझी प्रत मागितली आहे आणि भट्टीच्या मागे नवी खोली बांधायलाही घेतली आहे.