बडोद्यातील स्क्रम हाफ शिबिर: आठ रविवारांनंतरचे मत

मागच्या हिवाळ्यात बडोद्याच्या अकोटा भागातल्या एका मैदानावर आठ रविवार सकाळी साडेसहा ते साडेआठ या वेळेत एक रग्बी शिबिर भरले होते. सबंध खेळ न शिकवता त्यातली स्क्रम हाफ ही एकच जागा तिथे शिकवली जाणार होती, आणि शुल्क 3,200 रुपये होते. दांडिया बाजारात वाढलेली, शाळेपासून खो-खो खेळलेली आणि दोन वर्षांपूर्वी मैत्रिणींच्या आग्रहाने रग्बीकडे वळलेली मी त्या तुकडीत होते. एकूण चौदा जण होतो, त्यांत पाच मुली. पुढच्या तुकडीची विचारणा करणारे बरेच जण मला भेटतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पंधरा जणांच्या रग्बीत स्क्रम हाफच्या पाठीवर नऊ हा आकडा असतो. पुढचे आठ गडी रेटारेटी करून चेंडू मिळवतात, मागचे गडी तो घेऊन धावतात, आणि या दोघांच्या मध्ये जवळजवळ प्रत्येक वेळी नऊ नंबरचे हात असतात. त्यामुळे सामन्यात सर्वांत जास्त पास बहुधा याच खेळाडूला द्यावे लागतात, आणि तेही जमिनीवर पडलेला चेंडू उचलून. आमचे प्रशिक्षक कोलकात्यात खेळून आलेले आहेत. 1878 मध्ये तिथल्या रग्बी क्लबने आपला खेळ आटोपता घेताना बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून, त्यांचा चषक घडवला आणि इंग्लंडला दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्याच कलकत्ता कपसाठी खेळतात. सरांनी ही हकिकत पहिल्या दिवशी दोन वाक्यांत सांगितली आणि लगेच सर्वांना चेंडूंपाशी नेले.

या शिबिराची खरी कमाई पासाची आहे. पहिले चार रविवार आम्ही जवळजवळ दुसरे काही केले नाही. गवतावर तीन-तीन पावलांच्या अंतराने पाच चेंडू मांडलेले असत, आठ मीटरवर बांबूला बांधलेली जाळी असे, आणि प्रत्येक चेंडूपाशी धावत जाऊन तो जाळीत टाकायचा असे. डावीकडे पास द्यायचा असेल तर उजवा पाय चेंडूला जवळजवळ चिकटून ठेवायचा, डावा पाय ज्या दिशेला चेंडू जायचा आहे तिकडे टाकायचा, आणि हातांनी चेंडू झाडल्यासारखा जमिनीवरूनच पाठवायचा. हात आधी मागे नेऊन मग पुढे आणायची सवय सगळ्यांनाच असते, आणि नेमका तोच अर्धा क्षण समोरच्या संघाला पुढे सरकायला पुरतो. सर सारखे म्हणत, "उठाना नहीं है, बस भेजना है." चेंडू सुटल्यावर दोन्ही हातांची बोटे जाळीकडे रोखलेली दिसली पाहिजेत, एवढी एकच खूण त्यांनी आम्हांला स्वतःला तपासण्यासाठी दिली होती, आणि ती कमालीची उपयोगी ठरली, बोटे आभाळाकडे गेली की चेंडू हटकून डोक्यावरून जातो.

माझी अडचण मात्र वेगळी होती, आणि ती कशी दूर झाली हे सांगितल्याशिवाय या शिबिराची किंमत कळणार नाही. खो-खोत पाठीवर खो पडताक्षणी बसलेल्या जागेवरून झेप घेऊन उठायचे असते, आणि इतक्या वर्षांत ते अंगात इतके भिनले आहे की चेंडूला हात लागताच माझे गुडघे आपोआप सरळ होत. पास मी उभी राहूनच देत असे. एक क्षण तिथे वाया जाई आणि चेंडूही वरून खाली येई. दुसऱ्या रविवारी सरांनी मैदानाच्या कडेची एक काठी घेतली, माझ्या कमरेच्या थोडी वर आडवी धरली आणि तिच्याखालूनच पास द्यायला लावले. पहिल्या दहा पासांत सात वेळा माझा खांदा काठीला लागला. त्यांनी आवाज चढवला नाही की काठी हलवली नाही. तिसऱ्या रविवारी लागणे दोनवर आले आणि पाचव्या रविवारी काठीची गरज उरली नाही. ज्या बडोद्यात 1923 मध्ये हिंद विजय जिमखान्याच्या पुढाकाराने हुतूतूच्या अखिल भारतीय स्पर्धा भरल्या, त्या गावातल्या मुलामुलींच्या अंगात देशी मैदानी खेळांच्या सवयी खोलवर असतात. त्या ओळखून त्यांतली कोणती ठेवायची आणि कोणती मोडायची हे पाहणारा शिक्षक मिळणे मला फार मोलाचे वाटते. खाली बसण्याची आणि चटकन दिशा बदलण्याची माझी सवय सरांनी जपली. उठण्याची तेवढी मोडली.

उलट बाजूच्या पासाला मात्र चार रविवार अपुरे पडले. उजव्या हाताने सगळी कामे करणाऱ्याचा डावीकडे जाणारा पास लवकर बसतो, कारण चेंडू ढकलणारा हात उजवा असतो. उजवीकडे जाणारा पास डाव्या हाताला ढकलावा लागतो आणि त्याला फिरकी येता येत नाही. माझे उजवीकडचे पास शेवटच्या रविवारीही आठांपैकी तीन जाळीच्या बाहेर जात होते. पहिल्या दिवसापासून कच्च्या हाताला दुप्पट वेळ दिला असता तर बरे झाले असते, असे मी सरांना सांगितले आहे आणि त्यांनाही ते पटले आहे.

स्क्रम (दोन्ही संघांचे पुढचे गडी एकमेकांना भिडून रेटतात तो) आणि रक (जमिनीवरच्या चेंडूभोवती गडी उभ्याने भिडतात तो) यांचे शिक्षण समजण्यापुरते झाले, अंगवळणी पडण्याइतके नाही. पूर्ण स्क्रमला दोन्ही बाजूंचे मिळून सोळा गडी आणि चेंडू टाकणारा नऊ नंबर लागतो. आम्ही चौदाच असल्याने सेव्हन्सप्रमाणे, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीप्रमाणे, तीन विरुद्ध तीन असा स्क्रम लावला गेला. पंचांच्या "क्राउच, बाइंड, सेट" या तीन हाकांनंतर चेंडू सरळच टाकावा लागतो, पण 2017 पासून टाकणाऱ्याला आपला डावा खांदा मधल्या रेषेवर ठेवून उभे राहता येते, त्यामुळे आपल्या बाजूला खांद्याएवढी जागा जास्त मिळते, हा बारकावा मला इथेच प्रथम कळला. रकमध्ये चेंडू मागे आला की पंच "यूज इट" म्हणतात आणि तिथून पाच सेकंदांत तो खेळावा लागतो. एका सकाळी सरांनी ही पाच सेकंदे मोठ्याने मोजत आमच्याकडून निर्णय घेऊन पाहिले, आणि चेंडूपाशी पोहोचण्याआधीच डावी-उजवीकडे नजर टाकून ठेवली नाही तर पाच सेकंद किती तोकडे असतात हे सगळ्यांना उमगले. असा सराव एका सकाळऐवजी चार सकाळी व्हायला हवा होता. नजर हाताच्या आधी पोहोचली पाहिजे हे समजावण्यासाठी त्यांनी फोनवर फ्रान्सच्या आंत्वान ड्युपाँ आणि न्यूझीलंडच्या एरन स्मिथ या नऊ नंबरच्या खेळाडूंच्या खेळाचे तुकडे दाखवले. स्मिथ चेंडूकडे येताना मान कितीदा फिरवतो, हे मी नंतर घरी पुन्हा पुन्हा पाहिले.

आता तक्रारी. रकमागून चेंडू उंच मारून आपल्या धावणाऱ्या गड्याला झेलायला मिळावा अशा रीतीने लाथाडायचा, त्या बॉक्स किकला फक्त शेवटच्या रविवारचा अर्धा तास मिळाला. ही किक नऊ नंबरच्या हातातले, किंबहुना पायातले, मोठे शस्त्र आहे आणि पत्रकात तिचा उल्लेख ठळक अक्षरांत होता. तेव्हा हे योग्य झाले नाही. दुसरी तक्रार चेंडूंची. रग्बीच्या चेंडूत साडेनऊ ते दहा पीएसआय दाबाची हवा असावी लागते, आणि त्याच्या पृष्ठावरचे बारीक दाणे शाबूत असले तरच बोटांना पकड मिळते. आमच्या आठ चेंडूंपैकी तीन गुळगुळीत झाले होते आणि एकात हवा टिकत नव्हती. ज्याच्या वाट्याला तो यायचा त्याचा पास वाकडा जायचा आणि दोष मात्र हाताचा वाटायचा. मी स्वतःचा चेंडू घ्यायचा ठरवून शहरातल्या एका क्रीडा साहित्याच्या दुकानात गेले, तर मोठ्यांच्या सामन्यांचा पाच नंबरचा म्हणून मला चार नंबरचा चेंडू देण्यात आला. घरी मोजपट्टी लावली तेव्हा लांबी अठ्ठावीस सेंटिमीटरच्या आत भरली. चेंडू बदलून मिळायला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. नवीन चेंडू घेणाऱ्यांनी त्यावरचा आकडा तिथेच वाचावा आणि वजनही पाहावे; पाच नंबरचा चेंडू 410 ते 460 ग्रॅमचा असतो.

ओल्या चेंडूचा सराव हिवाळ्यामुळे झाला नाही. आपल्याकडे पावसाने मऊ झालेल्या मैदानावरही सामने होतात आणि तेव्हा हातातून सगळ्यात आधी निसटतो तो नऊ नंबरचा पास. बादलीभर पाण्यात चेंडू बुडवूनही हा सराव करता आला असता.

ज्यांनी रग्बी मुळीच खेळलेली नाही त्यांनी या शिबिरात येऊ नये, त्यांना पहिल्या दिवसापासून गोंधळायला होईल. वर्षभर खेळलेल्यांनी आणि विशेषतः खो-खो किंवा कबड्डीतून आलेल्यांनी मात्र जरूर यावे. चार रविवारांत पास बदलतो, आणि तेवढ्यासाठी 3,200 रुपये जास्त नाहीत. गुडघ्यापर्यंतचे मोजे आणावेत, कारण चेंडूशेजारी पाय टेकताना नडगी गवतावर घासते. स्वतःचा चेंडू आणि हातपंपही आणावा. मी जूनमधल्या तुकडीसाठी नाव दिले आहे, आणि या वेळी पहिल्याच दिवशी उजवीकडचा पास आणि भिजलेला चेंडू मागणार आहे.