पेरी मेसनची पहिली केस
अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांचं 'द केस ऑफ द व्हेल्व्हेट क्लॉज' (१९३३) जुन्या पुस्तकांच्या गाडीवर मिळालं आणि एका रात्रीत संपलं. पेरी मेसन या वकील नायकाची ही पहिली कादंबरी. पुढे ८०च्या वर आल्या. कोर्टातली उलटतपासणी शोधाल तर इथे नाही, मेसन स्वतःच वणवण फिरतो. अशील बाई पदोपदी खोटं बोलते. वर खुनाच्या वेळी मेसनचाच आवाज ऐकला म्हणते! तरी हा पठ्ठ्या तिला वाऱ्यावर सोडत नाही. मेसनची सेक्रेटरी डेला हिला मात्र ती पहिल्यापासून खटकते, ते मला फार आवडलं. गार्डनर स्वतः कॅलिफोर्नियात वकिली केलेले, पुस्तकं सेक्रेटरींना तोंडी सांगायचे. संवाद असे धावतात ते त्यामुळेच असणार. वर्णनं कोरडी आहेत. माझ्या प्रतीची पानं सुटली होती, डिंकाने चिकटवून घेतली.