झेनिथ सीएच ७०१ : बांधणाऱ्याच्या हातांचा विचार करून आखलेलं विमान

दोन माणसांचं हलकं विमान स्वतः बांधायचं मनात असेल, तर आधी सीएच ७०१ चे आराखडे बघा, असं मी प्रत्येकाला सांगतो. क्रिस हाइंट्झ यांनी ते १९८६ साली डिझाइन केलं. काँकॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानावर काम केलेला हा इंजिनिअर. तरी ड्रॉइंग वाचताना सतत जाणवतं, की त्यांच्या डोळ्यांपुढे ड्रिल धरलेला नवखा माणूस होता.

सुरुवात रडरपासून, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या भागापासून करावी. इथे उभी शेपटी अख्खीच फिरते, पुढचा स्थिर भाग नाहीच. बांधायचा एक भाग कमी झाला, शिवाय संथ वेगातही पेडलला जोर राहतो. रिब्ज (आडव्या फासळ्या) आणि स्पारवर (मुख्य कण्यावर) पत्रा ठेवायचा, भोकं पाडायची, तांबड्या क्लेको, म्हणजे पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पिना, लावून सगळं जुळतंय का बघायचं, मग सुटं करून भोकांच्या कडेची धातूची कुसळं काढायची आणि पुन्हा जोडायचं. रिव्हेट एकाच बाजूने ओढायचे असल्यामुळे पत्र्यामागे दुसरा माणूस लागत नाही. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथेच आहे: रिव्हेटचं डोकं चपटं येतं, पण रिव्हेट ओढायच्या हत्याराच्या, म्हणजे पुलरच्या, तोंडाला खोलगट घासलेलं असतं, त्यामुळे ओढताना डोकं दाबलं जाऊन घुमटासारखं बसतं. एवढ्याशा तपशिलातून पक्का जोड मिळतो.

पंखाच्या पुढच्या कडेला कायमचा बसवलेला स्लॅट, म्हणजे मधे फट ठेवून लावलेली अरुंद पट्टी आहे. त्याच्या फटीतून खालची हवा वर येते आणि नाक बरंच वर उचललं तरी प्रवाह पंखाला धरून राहतो. मागे पंखभर लांब फ्लॅपरॉन, म्हणजे फ्लॅप आणि एलेरॉन दोन्हींचं काम करणारी हलती पट्टी. एवढं नाक वर धरायचं तर शेपटीने खाली जोर द्यायला हवा, म्हणून आडव्या शेपटीचा छेद उलटा ठेवलाय. सगळं एकमेकांत किती नीट गुंतलंय! स्टॉल, म्हणजे पंखाची उचल सुटते तो वेग, ताशी ५० किलोमीटरच्या आसपास.

याची किंमत वेगात मोजावी लागते. स्लॅट कधीच आत जात नाही, त्यामुळे ८० अश्वशक्तीच्या रोटॅक्स ९१२ इंजिनावरही ताशी १३० किलोमीटरच्या आसपासच समाधान मानायचं. इंजिन बंद पडलं तर नाक लगेच खाली घ्यावं लागतं. हवेच्या इतक्या अवरोधात वेग झपाट्याने उतरतो. लांबच्या प्रवासाला हे विमान घेऊ नये.

खांद्यांपाशी केबिन जेमतेम एक मीटर रुंद, मधे दोघांत विमान चालवायची एकच वाय आकाराची स्टिक. धिप्पाड माणसांनी २००८ मध्ये आलेलं, जास्त ऐसपैस सीएच ७५० बघावं. वजनाचा हिशोब मात्र कागदावर आधीच मांडा: कमाल ५०० किलोंपैकी रिकामं विमानच साधारण २६० खातं. ८५ किलोची दोन माणसं बसली की पेट्रोल आणि सामान मिळून ७० किलो उरतात. जाड रंग, गुबगुबीत गाद्या, जादा उपकरणं, सगळं त्यातूनच जाणार. मी तरी रंग पातळच ठेवीन.