वॉरिकची पायी सहल : अर्लपद नवऱ्याचे, वारसा बायकोचा

इंग्लंडमधल्या वॉरिक गावात स्थानिक मार्गदर्शकांचा एक छोटा गट मध्ययुगीन उमराव घराण्यांवर पायी सहल काढतो. किल्ल्याच्या तटापासून निघून सेंट मेरी चर्चमधल्या बीचम चॅपलमध्ये संपणाऱ्या या सहलीचा सारा रोख एकाच प्रश्नावर असतो : ‘राजे घडवणारा’ म्हणून गाजलेला रिचर्ड नेव्हिल वॉरिकचा अर्ल, म्हणजे त्या नावाच्या उमरावपदाचा धनी, झाला तो कोणत्या हक्काने? उत्तर त्याच्या लग्नात आहे, आणि ते उलगडून दाखवण्यात मार्गदर्शक बाई कमालीच्या तयारीच्या आहेत.

नेव्हिलचे वडीलही पत्नीच्याच हक्काने सॉल्सबरीचे अर्ल झाले होते, हे त्या ओघात सांगून टाकतात. खरी गुंतागुंत पुढच्या पिढीत आहे. नेव्हिलची पत्नी ॲन बीचम हिचा भाऊ, वॉरिकचे अर्लपद भोगणारा हेन्री, 1446 मध्ये वारला आणि 1449 मध्ये त्याची लहानगी मुलगीही गेली. ॲनच्या तीन वडील बहिणी हयात होत्या. परंतु त्या हेन्रीच्या सावत्र बहिणी असल्याने आणि ॲन सख्खी असल्याने, सख्ख्या रक्ताला प्राधान्य देणाऱ्या नियमाचा आधार घेऊन अर्लपद ॲनच्या, म्हणजे व्यवहारात तिच्या नवऱ्याच्या, पदरात पडले. सावत्र बहिणींच्या नवऱ्यांना हे रुचणे शक्यच नव्हते.

चॅपलमध्ये या भांडणाला चेहरे मिळतात. 1439 मध्ये वारलेल्या रिचर्ड बीचम यांच्या, म्हणजे ॲनच्या वडिलांच्या, थडग्याभोवती कोनाड्यांत शोक करणाऱ्या 14 लहान मूर्ती आहेत आणि प्रत्येकीखाली कुलचिन्हाची ढाल आहे. त्यांत नेव्हिल आहे, थोरल्या सावत्र मेव्हणीचा नवरा टॅल्बट आहे, मधलीचा नवरा एडमंड बोफर्टही आहे. सासऱ्यासाठी शोक करणारे हे जावई त्याच्याच मालमत्तेवरून एकमेकांच्या विरोधात उभे ठाकले, आणि 1455 मध्ये सेंट ऑल्बन्सच्या लढाईत नेव्हिल ज्या बाजूने लढत होता त्या बाजूने बोफर्टला ठार केले. बाई इथे घाई करत नाहीत, हे फार चांगले.

सहलीचा कळस मात्र ॲनच्या वैधव्याचा आहे. 1471 मध्ये बार्नेटच्या लढाईत नेव्हिल मारला गेला. वारसा मुळात ॲनचा असल्याने तो तिच्याकडेच राहायला हवा होता. पण तिचे दोन्ही जावई राजा चौथ्या एडवर्डचे भाऊ होते. बोल्यू मठाच्या आश्रयाला गेलेली ॲन अर्जावर अर्ज करत राहिली, आणि 1474 मध्ये संसदेने कायदा करून, जिवंत बाईला मृत धरून, तिची मालमत्ता दोघा मुलींकडे, पर्यायाने जावयांकडे, वळवली. सातव्या हेन्रीने 1487 मध्ये ती तिला परत दिली खरी, पण बहुतेक सगळी लगेच स्वतःच्या नावावर करून घेतली.

उणीव आहे ती विवेचनात एका ठिकाणी आणि छापील पत्रकात. जिवंत मूल जन्मले असेल तर पत्नीच्या मृत्यूनंतरही तिच्या जमिनी नवऱ्याकडे तहहयात राहत, हा उमरावांच्या लग्नव्यवहारातला कळीचा नियम अर्ध्या वाक्यात उरकला जातो. पत्रकातल्या वंशावळीत तर सावत्र बहिणींचा पत्ताच नाही, त्यामुळे 1449 चा वाद त्यावरून कुणालाही समजणार नाही. पुष्कळ प्रश्न विचारायची सवय असलेल्यांनी ही सहल अवश्य करावी. पत्रकाचे पैसे मात्र वेगळे द्यावे लागतात, ते वाचवावेत.