जुन्या पेंटियमला काय लावावं: जुनीच हार्डडिस्क, सीएफ कार्ड की एसएसडी?

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत पंचवटीतल्या घराच्या माळ्यावरून आमचा जुना पेंटियम कॉम्प्युटर खाली उतरवला. एमएमएक्स २०० प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, ४.३ जीबीची हार्डडिस्क, विंडोज ९८. धूळ झटकून बटण दाबलं तर चक्क चालू झाला. कौतुक दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी विनअँपवर गाणं लावून फाइल कॉपी करायला घेतली, तर गाणं अडखळायला लागलं आणि माउसचा बाण बेडकासारखा उड्या मारायला लागला. कॉलेज रोडच्या मावसभावाकडेही त्याच काळातला एक डबा आहे आणि त्याचं एकच टुमणं: "दादा, डिस्क तीच ठेवू, सीएफ कार्ड टाकू की सरळ एसएसडी?" (सीएफ म्हणजे कॉम्पॅक्टफ्लॅश, जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांतलं मेमरी कार्ड. एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपांवर साठवणारी डिस्क.)

तिन्ही करून बघितलंय, म्हणून सांगतो. पण खिशात हात घालण्याआधी एक फुकटचं काम उरका. डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्क ड्राइव्हजमध्ये 'जेनेरिक आयडीई डिस्क' असं काहीतरी दिसेल, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये सेटिंग्ज, आणि तिथे डीएमएच्या चौकटीत टिक करा. डीएमए म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता डेटा थेट रॅममध्ये पोचवायची सोय. विंडोज ९८ ही चौकट पुष्कळदा रिकामीच सोडतं. मग डिस्क पीआयओवर चालते, म्हणजे डिस्कवरून आलेला प्रत्येक घास प्रोसेसरला स्वतः उचलून रॅममध्ये ठेवावा लागतो. यात डिस्कचा वेग कमी पडत नाही. पीआयओ मोड ४ कागदावर सेकंदाला १६.६ एमबी देतो, आणि ४.३ जीबीच्या डिस्कची तेवढी ऐपतच नसते. अडचण ही की प्रोसेसर हमालीत गुंततो आणि गाण्याकडे बघायला कुणी उरत नाही. माझ्या मदरबोर्डावर इंटेलचा ४३० टीएक्स चिपसेट आहे, म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांना जोडणाऱ्या चिपा. तो अल्ट्रा डीएमए ३३ (सेकंदाला ३३ एमबीपर्यंतचा डीएमए) करतो आणि त्याला ४० तारांची जुनी पट्टीकेबल पुरते. टिक केली, रीस्टार्ट केलं, गाणं सुरळीत. रीस्टार्टनंतर टिक टिकली आहे ना, हे मात्र परत जाऊन बघा.

जाता जाता: वेग वाढेल म्हणून रॅम १२८ एमबी करायच्या भानगडीत या चिपसेटवर पडू नका. त्याची कॅश (रॅमच्या पुढ्यातली छोटी, वेगवान मेमरी) पहिल्या ६४ एमबीपुरतीच चालते आणि विंडोज वरच्या टोकाकडून रॅम वापरायला घेतं. मी केलं होतं. मशीन आणखी रेंगाळलं.

आता जुनी डिस्क. डीएमए लावल्यावरही तिचा एक दोष जात नाही. मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या डिस्कवर हवा तो सेक्टर (डेटाचा कप्पा) फिरत वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद नुसती वाट बघण्यात जातात. डोकं सरकायचा वेळ त्याहून वेगळा. विंडोज सुरू होताना शेकडो बारीक फाइली वाचतं, तिथे हे साठत जातं. डीफ्रॅगनं, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावल्यानं, थोडा फरक पडतो. त्याआधी स्क्रीनसेव्हर बंद करा, नाहीतर ते पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. एवढं करून डिस्कचं वय पंचवीसच्या पुढेच राहणार. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार उठल्यापासून तशीच दुसरी मिळणंही नशिबाचा भाग झालाय. तिचा कर्रकर्र आवाज ऐकूनच तुम्हाला बरं वाटत असेल तर ठेवा, मला वाटतं म्हणून मी ठेवली आहे. पण डेटा आधी दुसरीकडे काढून घ्या.

सीएफ कार्डाची गंमत अशी की ते मुळात आयडीईच, म्हणजे जुन्या हार्डडिस्कच्या जोडणीची भाषाच, बोलतं. अडॅप्टर म्हणजे नुसत्या तारांची जुळवाजुळव. आवाज नाही, शोधाशोध जवळपास शून्य वेळात, आणि ४ किंवा ८ जीबीचं कार्ड जुन्या बायोसला (मशीन चालू होताना डिस्क ओळखणाऱ्या, मदरबोर्डावरच्या प्रोग्रामला) निमूट पचतं. घेताना दोन गोष्टी तपासा. स्वस्त अडॅप्टरमध्ये डीएमएच्या तारा जोडलेल्याच नसतात, म्हणजे आपण परत हमालीवर. आणि कॅमेऱ्यासाठी बनलेली बरीच कार्डं स्वतःला काढता येणारी डिस्क म्हणवतात, त्यावर विंडोज कुरकुरतं. औद्योगिक वापराची कार्डं स्वतःला पक्की डिस्क म्हणून सांगतात, तीच घ्या. बारीकसारीक लिखाणात साधं कार्ड घुटमळतं. त्यावर उपाय म्हणजे सिस्टम डॉट आयएनआय फाइलमध्ये ३८६ एन्हच्या भागात 'कन्झर्व्हेटिव्ह स्वॅपफाइल यूसेज' एकवर ठेवायचं. मग विंडोज आधी रॅम संपवतं आणि नंतरच स्वॅपकडे, म्हणजे रॅमऐवजी वापरायच्या डिस्कवरच्या जागेकडे, वळतं. नुसते डॉसचे खेळ खेळायचे असतील तर एवढाही विचार नको.

एसएसडी ऐकायला सगळ्यात भारी. साटाचं (नव्या डिस्कच्या जोडणीचं) आयडीई करणारी छोटी पट्टी लागते, तिच्यावरचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर, म्हणजे केबलवरची मुख्य डिस्क म्हणून, ठेवायचा. पण मी १२० जीबीची लावली आणि प्रायमरी मास्टर शोधता शोधता स्क्रीन तिथेच गोठली. एसएसडी बाद निघाली असं समजून मी तिला वीस मिनिटं शिव्या घातल्या. दोष तिचा नव्हता. १९९९ च्या मध्याआधीचे अवॉर्ड कंपनीचे अनेक बायोस ३२ जीबीच्या वरची डिस्क दिसली की असेच अडकतात, आणि आज दुकानात नवी एसएसडी त्याहून लहान जवळजवळ मिळतच नाही. बायोस अपडेट मिळाला तर सुटका. नाहीतर दुसऱ्या मशीनवर लिनक्स चालवून डिस्कची दिसणारी क्षमता कापावी लागते. इतका खटाटोप करून तुम्हाला मिळणार काय? ३३ एमबीच्या अरुंद गल्लीतून जाणारी एसएसडी. आणि ट्रिम, म्हणजे पुसलेल्या जागा एसएसडीला कळवायची सोय, विंडोज ९८ ला माहीतच नाही.

म्हणून मावसभावाला सांगितलं: बोर्ड १९९९ च्या मध्याआधीचा असेल तर औद्योगिक सीएफ कार्ड, डोळे मिटून. पेंटियम थ्रीच्या काळातला असेल, बायोस मोठी डिस्क घेत असेल आणि विंडोज रोज वापरायचं असेल तर एसएसडी, कारण स्वॅपचं लिखाण ती निवांत सोसते. बोर्डाचं वय ओळखायला डबा उघडायची गरज नाही. चालू करताना पॉजचं बटण दाबायचं. अवॉर्ड बायोस असेल तर पडद्याच्या अगदी खालच्या ओळीत डावीकडे तारीख दिसते. तिचा फोटो पाठव म्हटलंय, मग एम. जी. रोडला अडॅप्टर बघायला जाऊ.