चेहरा जुळला तरच टीएचआर: पोषण ट्रॅकरच्या पडताळणीचं परीक्षण

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचं पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप 2021 पासून अंगणवाड्यांत वापरात आहे. 1 जुलै 2025 पासून घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआर, देताना त्यात चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली. हे परीक्षण तेवढ्याच भागाचं आहे.

काम दोन टप्प्यांत चालतं. आधी एकदाच ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख-नोंदणी: आधार क्रमांक टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी सांगायचा आणि चेहरा टिपायचा. मग दर वाटपाला ताईंच्या, म्हणजे अंगणवाडी सेविकेच्या, फोनसमोर उभं राहायचं आणि तो चेहरा नोंदीशी जुळवून घ्यायचा. लहान बाळाच्या आहारासाठी आईचा चेहरा लागतो. खऱ्या लाभार्थीच्या नावावर दुसऱ्याच कुणी पाकिटं उचलू नयेत, हा हेतू रास्त आहे. खोट्या नोंदी हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर काही उपाय हवाच होता.

अडचण यंत्राच्या स्वभावात आहे. चेहरा ओळखणारी प्रणाली नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत नाही. दोन फोटो किती सारखे आहेत याचा ती एक गुण काढते आणि आधीच ठरवून दिलेल्या मर्यादेशी तो ताडून पाहते. मर्यादा वर नेली की तोतया अडतो, पण खरी आईही जास्त वेळा अडते. खाली आणली की उलट. ही मर्यादा कुठे ठेवायची हा निर्णय माणसांचा, आणि तो कुणाची चूक सोसायची याचा निर्णय असतो. चुकून एक पाकीट जास्त गेलं तर थोडं नुकसान. चुकून परत पाठवलेल्या आईच्या घरी मात्र महिनाभराचा आहार येत नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळासाठी दिवसाला 500 किलोकॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण ठरवलं होतं, कुपोषित बाळाला 800 किलोकॅलरी.

प्रत्यक्षात बिघडतं ते साध्या गोष्टींनी. एकच खोली, एकच दार, बाई दाराकडे पाठ करून उभी. मागून ऊन, चेहरा काळा. तिला वळवून उजेडाकडे तोंड करायला सांगा, डोक्यावरचा पदर कपाळावरून मागे घ्या, फोनची काच पुसा. बरेच नकार इथेच मिटतात. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा असेल किंवा बाळंतपणानंतर चेहरा उतरला असेल, तर एवढ्यानं भागत नाही. सिमकार्ड बंद पडलेलं असेल किंवा नंबर नवऱ्याचा आणि नवरा ऊसतोडीला, तर ओटीपीपाशीच गाडी थांबते. आधार केंद्रावर नंबर बदलायला 75 रुपये, फोटो बदलायला 125, वर त्या दिवसाची मजुरी बुडते. ई-केवायसी म्हणूनच वाटपाच्या दिवशी करू नये, आठवडाभर आधी उरकावी.

फोनचाही विचार व्हायला हवा. 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी फोन परत केले होते, कारण 2 जीबी रॅमवर अ‍ॅप धड चालत नव्हतं आणि ते इंग्रजीत होतं. त्याच हातांवर आता चेहरा टिपण्याचं काम आलं आहे. रेंज नसली की शिव्या ताईंनाच बसतात, आणि हे अन्यायाचं आहे.

या सोयीत सगळ्यात खटकणारी उणीव अशी की खरी लाभार्थी किती वेळा नाकारली गेली, हे जिल्हावार आकड्यांत लोकांसमोर येत नाही. असे आकडे नसतील तर मर्यादा बरोबर आहे की नाही, हे कुणी तपासायचं? दोन प्रयत्न फसले की ताईंच्या सहीवर, नोंदवहीत अंगठा घेऊन पाकीट द्यायची लेखी मुभा हवी.

तोवर हे करता येतं. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 प्रमाणे हा आहार हक्काचा आहे, आणि आधार नाही म्हणून मुलाला लाभ नाकारू नये असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 च्या आधार निकालात म्हटलं आहे. आई परत गेली तर तारीख, वेळ आणि स्क्रीनवर आलेला संदेश वहीत लिहून ठेवा, संदेशाचा फोटो काढा आणि पर्यवेक्षिकेमार्फत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. धान्य किंवा आहार मिळाला नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मागण्याची तरतूद कलम 8 मध्ये आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा आणि पोच घ्यायला विसरू नका.